विगनच्या काळातली रेकॉर्डची पेटी: घ्यावी की नको?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळचे नाशिकचे, नोकरीला इंग्लंडात प्रेस्टनला. ऑफिसातला एक सहकारी तुम्हाला ली गावातल्या एका वर्किंग मेन्स क्लबात ‘नॉर्दर्न सोल’च्या, म्हणजे साठच्या दशकातल्या, बहुतेक न गाजलेल्या अमेरिकन सोल गाण्यांवर नाचायच्या, कार्यक्रमाला घेऊन गेला आणि तेव्हापासून ते संगीत तुमच्या डोक्यातून जायला तयार नाही. आता त्याच सहकाऱ्याचे मामा मोठं घर विकून लहान घरात चाललेत. त्यांच्याकडे दोनशेच्या आसपास सात इंची रेकॉर्ड्स आहेत, ‘सगळ्या विगन कॅसिनोच्या काळातल्या, ओरिजिनल’ (हा कॅसिनो जुगाराचा नव्हे, सत्तरच्या दशकातला नाचाचा क्लब), आणि ते 3,000 पौंड मागतायत. घ्यावी का, खरी-खोटी कशी ओळखायची, आणि शेवटी जरा बिचकतच तुम्ही विचारलंय की 1988 साली नाशिकमध्ये जन्मलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या आठवणींत असं घुसणं बरं दिसतं का.

मी बोल्टनजवळ राहते. बरीच वर्षं या रेकॉर्ड्स घेते, आणि शनिवार-रविवारी रेकॉर्ड फेअरमध्ये टेबल लावून विकतेही. त्यामुळे घेणाऱ्याचा जीव कुठे अडकतो आणि विकणारा कुठे गप्प बसतो, हे दोन्ही ठाऊक आहे. पेटी डोळ्यांनी न बघता घ्या किंवा घेऊ नका असं कुणीही सांगू शकणार नाही. पण अशा पेट्या माझ्या टेबलावर इतक्या येऊन गेल्यात, की तुमच्या पेटीत साधारण काय निघेल याचा अंदाज मला आहे. तो पुढे सांगतेच.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला त्यांच्या मुळाशी एकच दिसतो: या 3,000 पौंडांत नक्की कशाकशाचे पैसे धरलेत? गाणं ऐकण्याचे तर नाहीतच. यातलं बहुतेक संगीत फोनवर फुकट ऐकता येतं, आणि लंडनची केंट ही कंपनी 1982 पासून रीतसर हक्क घेऊन ते पुन्हा काढते आहे. मग उरतात दोन गोष्टी. एक, ती वस्तू: अमुक साली अमुक कारखान्यात छापलेली, थोड्या प्रतींतली एक. दुसरी, तिला चिकटलेली आठवण. आपल्याकडे जुनी पैठणी मोडीत काढताना जरीचे पैसे वेगळे आणि आजीची आठवण वेगळी. घेणारा जरीचं वजन करतो आणि तेवढेच मोजतो. मामांनी दोन्हींची बेरीज करून आकडा सांगितलाय. त्यांनी तो लबाडीने सांगितलाय असं मुळीच नाही. त्यांच्या दृष्टीने तेवढी किंमत आहेच.

जरीचं वजन कसं होतं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. साठच्या दशकात डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी यांच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने काळ्या कलाकारांचं संगीत देशभर पोचवून दाखवलं. ते बघून डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन अशा शहरांत छोट्या कंपन्यांचं पीक आलं. डेट्रॉइटच्या रिक-टिक आणि गोल्डन वर्ल्डचं उदाहरण घ्या. मोटाउनचे पगारी वादक रात्री गुपचूप तिथे जाऊन वाजवायचे, म्हणून त्या रेकॉर्ड्सचा ठेका ऐकताच मोटाउनचा वाटतो. अशा कंपन्यांची रीत साधी होती. काही शे, फार तर हजारभर प्रती छापायच्या, गावातल्या रेडिओ केंद्रांना वाटायच्या, आणि गाणं वाजलं तर आणखी छापायच्या. बहुतेक गाणी वाजली नाहीत. गाण्यात खोट होती म्हणून नव्हे. रेडिओवाल्यांना द्यायला पैसे नव्हते, वितरक नव्हता, किंवा त्याच आठवड्यात मोटाउनचं मोठं गाणं आलं. उरलेल्या प्रती गोदामात पडल्या, भोक पाडून रद्दीच्या भावाने गेल्या, नाहीतर फेकल्या गेल्या. वॉशिंग्टनच्या श्राइन या लेबलची, म्हणजे रेकॉर्ड कंपनीची, गोष्ट तर संग्राहकांत दंतकथेसारखी झाली आहे. गॉर्डींच्या आधीच्या पत्नी रेनोमा आणि एडी सिंगल्टन यांनी ते काढलं, थोड्याच काळात ते बुडालं, आणि आज त्यातली एखादी रेकॉर्ड टेबलावर आली की आजूबाजूचं बोलणं थांबतं.

म्हणजे दुर्मिळपणा हा अपयशातून आलाय. पण नुसत्या दुर्मिळपणाला भाव येत नाही. अपयशी पोल्का संगीताच्या रेकॉर्ड्सही दुर्मिळ आहेत, त्यांना कुणी विचारत नाही. भाव आणला तो उत्तर इंग्लंडच्या नाचणाऱ्या पोरांनी.

मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबात साठच्या दशकात रात्रभर अमेरिकन सोल वाजायचं. दशक संपता संपता अमेरिकेत संगीताची चाल बदलली, फंक आलं, ठेका जड झाला. इथल्या पोरांना मात्र तोच जुना, 1965-66 चा पळता ठेका हवा होता. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये डेव्ह गॉडिन यांचं सोल सिटी नावाचं दुकान होतं. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून आलेली मुलं तिथे येऊन जुनीच गाणी मागतात, हे त्यांनी हेरलं. ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव त्यांनी आधी दुकानातल्या माणसांच्या सोयीसाठी वापरलं आणि 1970 मध्ये ‘ब्लूज अँड सोल’ मासिकातल्या आपल्या लेखातून रूढ केलं. व्हील 1971 मध्ये बंद पडलं. मग स्टोकजवळच्या टन्स्टलचं गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूल मेक्काची हायलँड रूम, आणि सप्टेंबर 1973 मध्ये विगन कॅसिनो. शनिवारी मध्यरात्रीनंतर दारं उघडायची, रविवारी सकाळी आठला शेवट. दारूचा परवानाच नव्हता. पायाखाली टाल्कम पावडर, खांद्यावर बिल्ले शिवलेली बॅग, ढगळ पँट. हे वर्णन तुम्ही त्या क्लबात ऐकलंच असेल, कारण ते ऐकवल्याशिवाय इथे कुणी कुणाला चहा देत नाही.

आता डीजेंची गंमत. नवीन गाणी येणारच नव्हती, कारण हवी ती सगळी दहा वर्षांपूर्वीच होऊन गेलेली. म्हणून ‘नवीन’ म्हणजे जुनं पण कुणी न ऐकलेलं. डीजे आणि व्यापारी अमेरिकेला जाऊन गोदामं उपसायला लागले. हाती लागलेलं गाणं दुसऱ्या क्लबाच्या डीजेला कळू नये म्हणून लेबलावर पांढरा कागद चिकटवून भलत्याच गायकाचं नाव सांगायचे. याला ‘कव्हर-अप’ म्हणतात. बाजाराच्या दृष्टीने याचा परिणाम असा झाला की लोक गाण्यासाठी वेडे व्हायचे, पण ते कुणाचं आहे हेच त्यांना माहीत नसायचं.

फ्रँक विल्सनचं उदाहरण सगळेच देतात, मीही देते, कारण किंमत कशी बनते ते त्यात स्वच्छ दिसतं. ‘डू आय लव्ह यू’ हे त्याचं गाणं 1965 मध्ये मोटाउनच्या सोल या लेबलसाठी छापलं गेलं, पण बाजारात आलंच नाही. विल्सनने गायकीपेक्षा निर्मात्याचं काम पसंत केलं, आणि छापलेल्या बहुतेक प्रती नष्ट झाल्या. कित्येक वर्षं दोनच प्रती उरल्याचं मानलं जायचं. सत्तरच्या दशकात हे गाणं इथे एडी फॉस्टर अशा खोट्या नावाने गाजलं आणि त्याच नावाने बनावट रेकॉर्डही निघाली. 1979 मध्ये टॅम्ला मोटाउनने, म्हणजे मोटाउनच्याच इंग्लिश लेबलने, इंग्लंडात ते अधिकृतपणे काढलं. 2009 मध्ये मूळच्या एका प्रतीला 25,742 पौंड आले. तिन्हींत गाणं तेच आहे. बनावट प्रत थोड्या पैशांत मिळते, 1979 ची सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे, आणि मूळ प्रतीच्या किमतीत गाडी येते. ऐकणाऱ्याच्या कानाला यातला फरक नगण्य. फरक आहे तो सगळा वस्तूचा आणि तिच्याभोवतीच्या गोष्टीचा.

आता तुमच्या पेटीकडे येते. मामांचं म्हणणं ‘विगनच्या काळातल्या’ हे बहुधा शंभर टक्के खरं आहे, आणि नेमकी तिथेच मेख आहे. विचार करा, 1975 मध्ये ते सतरा-अठरा वर्षांचे असतील, गिरणीत नाहीतर खाणीत उमेदवारी करत असतील. मूळ अमेरिकन प्रती तेव्हाही महागच होत्या, डीजे आणि पक्के संग्राहक त्या घ्यायचे. अशा पोराला परवडायच्या त्या दोन प्रकारच्या रेकॉर्ड्स. एक, अमेरिकेत चोरून छापलेल्या बनावट प्रती, ज्या तेव्हा राजरोस विकल्या जायच्या. दुसऱ्या, इंग्लिश कंपन्यांनी लाट बघून पुन्हा काढलेल्या: ब्लॅक मॅजिक, डिस्को डिमांड, ग्रेपव्हाइन, कॅसिनो क्लासिक्स, टॅम्ला मोटाउनच्या पुनर्मुद्रित प्रती. वर विगन्स चोझन फ्यू किंवा विगन्स ओव्हेशनसारख्या नावांनी निघालेली, 1975 मध्ये हिट झालेली पॉप गाणी, ज्यांच्यावर जुने सोलवाले अजून खार खाऊन आहेत. म्हणजे पेटी जितकी ‘अस्सल विगनची’, तितकी ती ‘अस्सल ओरिजिनल’ असण्याची शक्यता कमी. मामा खोटं बोलत नाहीत. पन्नास वर्षांपासून ज्या त्यांच्याकडे आहेत त्या त्यांच्यासाठी ओरिजिनलच.

माझ्या अंदाजाने अशा पेटीतला मोठा भाग पाच ते पंधरा पौंडांच्या रेकॉर्ड्सचा असतो. पण अपवाद असतात, म्हणूनच बघितल्याशिवाय बोलू नये म्हणते. साठच्या दशकातली इंग्लिश छपाई निघाली, विशेषतः स्टेटसाइड किंवा टॅम्ला मोटाउनची डेमो प्रत, म्हणजे विक्रीआधी वाटलेली नमुन्याची प्रत, लेबलावर मोठ्ठा ‘ए’ असलेली, तर एकाच रेकॉर्डवर सगळा हिशेब फिरू शकतो. कुणाच्या थोरल्या भावाच्या चार-पाच अमेरिकन प्रती मधेच सापडतात, तसंही होतं.

बघायचं कसं? रेकॉर्ड कडांनी दोन्ही तळव्यांत धरा आणि दिव्याखाली तिरकी करा. शेवटची खाच संपते आणि लेबल सुरू होतं, त्यांच्या मधे गुळगुळीत पट्टा असतो. आमचा अर्धा जन्म त्या बोटभर पट्ट्यात जातो. तिथे क्रमांक असतो. तो यंत्राने ठोकलेला आहे की सुईने खरडलेला? सोबत कारखान्याची खूण आहे का? मिशिगनमधल्या ओवोसोच्या अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग कंपनीची ‘एआरपी’ ही बारीक खूण डेट्रॉइटच्या कितीतरी मूळ प्रतींवर दिसते. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याच्या प्रतींवर छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा असतो. बनावट छापणाऱ्याकडे मूळ साचे नसायचे. तो एका रेकॉर्डवरून आवाज उतरवून नवा साचा करायचा आणि क्रमांक हाताने खरडायचा. म्हणून ज्या रेकॉर्डच्या मूळ प्रतीवर ठोकलेली खूण असते हे माहीत आहे, तिच्यावर नुसतं खरडलेलं दिसलं की सावध व्हायचं. याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. कितीतरी गरीब लेबलांच्या खऱ्या प्रतींवरही क्रमांक हातानेच लिहिलेला असतो. प्रत्येक रेकॉर्डचं आपलं वेगळं असतं. त्यासाठी संग्राहकांनी जमवलेली छायाचित्रं इंटरनेटवर आहेत, तिथे ताडून बघायचं.

दुसरी परीक्षा मटेरियलची. साठच्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन सिंगल्स व्हाइनलच्या नव्हत्या, स्टायरीनच्या होत्या. स्टायरीन हे हलकं, कडक, ठिसूळ प्लास्टिक. नखाने कडेला हलकेच टिचकी मारली तर स्टायरीन पातळ, उंच ‘टिक्’ करतं. व्हाइनलचा आवाज दबका येतो. स्टायरीनवर लेबल बहुधा नंतर डकवलेलं असतं, जुन्या प्रतीत त्याची कड कधी कधी सुटलेली दिसते. व्हाइनलचं लेबल रेकॉर्डबरोबरच दाबलं जातं. एखादी रेकॉर्ड मुळात स्टायरीनवरच निघाली असेल आणि तुमच्या हातातली व्हाइनलची असेल, तर पुढे बघायची गरजच नाही.

तिसरं लेबल. बनावट लेबल मूळ लेबलाचा फोटो काढून छापलेलं असायचं, त्यामुळे बारीक अक्षरं भरून येतात, रंग एक छटा इकडेतिकडे जातो. भिंगातून पाहिलं की लगेच कळतं. आणि लेबलावर कुणी पेनाने काही लिहिलेलं असेल तर किंमत थोडी उतरते, पण माझा विश्वास वाढतो. माझ्याकडच्या ओके लेबलच्या एका सिंगलवर निळ्या शाईत एक नाव आहे आणि खाली इंग्रजीत ‘परत आणून दे’ असा दम. ती शाई कागदात पुरती मुरलेली आहे. असला दम बनावट छापणारा कशाला छापेल?

अवस्थेबद्दल दोन गोष्टी. विकणारे ‘व्हीजी प्लस’, ‘एक्सलंट’ वगैरे लिहितात, पण अमेरिकन विक्रेत्याचं आणि इंग्लिश विक्रेत्याचं मोजमाप सारखं नसतं, आणि प्रेमात पडलेल्या विक्रेत्याचं तर कधीच नसतं. वाजवून बघा. स्टायरीन लवकर झिजतं. डीजे गाण्याची सुरुवात शोधायला रेकॉर्ड सुईखाली मागेपुढे फिरवायचे, त्यामुळे पहिल्या काही सेकंदांत करकर कायमची बसते. ती धुण्याने जात नाही. घरी वाजवताना गोल टोकाची सुई वापरा, स्टायरीनला ती मानवते. पेटीत मोठ्या आकाराच्या, ‘एमिडिस्क’ लिहिलेल्या जड तबकड्या निघाल्या तर त्या रेकॉर्ड्स नव्हेत. दुर्मिळ रेकॉर्डवरून डीजेंसाठी कापलेल्या लॅकरच्या प्रती आहेत त्या. वरचा मऊ थर प्रत्येक वेळी वाजवताना उतरतो. कुणाच्या त्या होत्या हे कळलं तर त्यांना मोल आहे, वाजवायला त्या जवळपास निरुपयोगी.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पेटीतल्या बहुतेक रेकॉर्ड्स खऱ्या आठवणींच्या पण स्वस्त असणार, थोड्या बनावट असणार, एखाद-दोन चांगल्या निघू शकतात, आणि त्या एखाद-दोनच ठरवतील की 3,000 जास्त आहेत की कमी.

तुम्हाला कुणीतरी ‘ओव्हीओ’ (ओरिजिनल व्हाइनल ओन्ली) बद्दलही सांगितलं असेल. अमुक रात्री फक्त मूळ प्रतीच वाजतील, असा नियम. त्यामागे अर्थ आहे. पूर्वी डीजेचं कसब शोधण्यात होतं, आणि बनावट प्रतींतून गायकाला एक छदामही मिळायचा नाही. पण नियमाचं सोवळं करणाऱ्या लोकांचा मला कंटाळा येतो. मूळ प्रत आज चौथ्या-पाचव्या हातून घेतली तरी गायकाला काय मिळतं? शून्य. उलट केंटसारख्यांनी हक्क घेऊन काढलेली प्रत घेतली तर वारसांपर्यंत निदान काहीतरी पोचण्याचा रस्ता असतो. नैतिकतेचाच मुद्दा असेल तर तो पुरता तरी लावा. माझ्या कपाटात दोन्ही आहेत, आणि नाचताना पायांना कळत नाही.

आता तो बिचकून विचारलेला प्रश्न, ज्यावर मला खरं तर जास्त बोलायचंय.

ही आठवणींची दुनिया कुणाची? तुम्हाला वाटतं मामांची, आणि तुम्ही बाहेरचे. पण जरा खरवडून बघा. 1975 साली विगनला नाचणारी पोरं दहा वर्षांपूर्वीच्या, समुद्रापलीकडच्या, आपण कधी न पाहिलेल्या शहरांतल्या संगीतावर जीव टाकत होती. डेट्रॉइटशी त्यांचा संबंध काय होता? शिवाय हळहळ ही या मंडळींच्या पाचवीलाच पुजलेली. विगन उघडलं तेव्हा टॉर्चवाले म्हणत होते की खरी मजा टॉर्चला होती. टॉर्चच्या वेळी व्हीलवाले तेच म्हणत होते. ब्लॅकपूल मेक्कात आयन लेव्हिन यांनी सत्तरच्या दशकातलं नवीन सोल वाजवायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या ठेक्याच्या कट्टर भक्तांनी ‘लेव्हिन मस्ट गो’चे फलक धरले. कॅसिनोत प्रत्येक रात्रीच्या शेवटी ठरलेली तीन गाणी लागायची, तिन्ही निरोपाची. वीस वर्षांची पोरं दर रविवारी सकाळी निरोपाच्या गाण्यावर डोळे पुसत होती! डिसेंबर 1981 मध्ये कॅसिनो बंद झालं, पुढे इमारतही गेली, आता तिथे ग्रँड आर्केड नावाचं शॉपिंग सेंटर आहे. पण हुरहूर बंद झाल्यावर सुरू झाली असं नाही, ती पहिल्या दिवसापासूनच तिकिटात धरलेली होती.

मी लालबागची. वडील गिरणीत. कॅसिनो बंद झालं त्याच्या पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1982 मध्ये, आमच्याकडचा संप सुरू झाला. या दोन गोष्टींचा बादरायण संबंध मला जोडायचा नाही. पण लँकेशायरच्या कापड गिरण्या बंद होत गेल्या त्याच वर्षांत त्या गावांतली पोरं आठवडाभर राबून शनिवारी रात्री नाचायला जायची, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्यांदा सोल नाइटला गेले तेव्हा मला परकं वाटलं ते साडेसातलाच गरम ‘पाय’ (मांस भरलेली इंग्लिश पेस्ट्री) आणि मटार वाढायला लागले म्हणून. माणसं ओळखीचीच वाटली.

एक मात्र विसरू नका, आणि हे इथल्या जुन्या मंडळींनाही मी सांगते. या आठवणींत सर्वांत आधीचे मालक सहसा मोजलेच जात नाहीत. 1966 मध्ये शिकागोत ती रेकॉर्ड विकत घेऊन वर दम लिहिणारी व्यक्ती, आणि ते गाणं गाणारी माणसं. कितीतरी गायकांना आपलं पडलेलं गाणं इंग्लंडात गाजतंय हे वर्षानुवर्षं माहीतच नव्हतं. काहींना पुढे इथे बोलावलं गेलं आणि हजारो गोऱ्या माणसांनी आपलं गाणं शब्दन्‌शब्द म्हटलेलं त्यांनी ऐकलं. काही त्याआधीच गेले. ग्लोरिया जोन्सचं ‘टेन्टेड लव्ह’ 1965 मध्ये एका सिंगलच्या मागच्या बाजूला होतं, कुणी विचारलं नाही. इथल्या क्लबांनी ते जिवंत ठेवलं, आणि 1981 मध्ये सॉफ्ट सेल या इंग्लिश जोडीने ते गाऊन पहिला क्रमांक मिळवला. तेव्हा रेकॉर्ड घ्याल तेव्हा गायकाबद्दल दोन ओळी वाचा, मग तुम्ही कुठले हा प्रश्न कुणी विचारणार नाही. तसंही आता ब्रिस्टल आणि लंडनमध्ये विशीतली मुलं यावर नाचतायत, त्यांच्या जन्माआधी कॅसिनोची इमारतही गेलेली.

व्यवहाराचं बोलू. मामांशी घासाघीस ‘या खोट्या आहेत’ असं म्हणून करू नका. माणूस दुखावतो, आणि सहकाऱ्याशी तुमचे संबंध बिघडतात. त्याऐवजी एक दुपार मागून घ्या. म्हणा, ‘अंकल, तुमच्याबरोबर बसून ऐकायच्यात.’ ऐकता ऐकता लेबल, क्रमांक आणि खुणा वहीत टिपा. मग घरी जाऊन प्रत्यक्ष विक्री झालेल्या किमती शोधा. मागितलेल्या किमती नकोत, कारण मागायला कुणीही काहीही मागतं. यादी त्यांनाच दाखवा. चांगली रेकॉर्ड निघाली तर तीही दाखवा, लपवू नका. माझ्या पाहण्यात अशा वेळी तीन गोष्टी घडतात: ते आकडा खाली आणतात, किंवा आवडत्या वीस-पंचवीस ठेवून बाकी देतात, किंवा विकायचंच रद्द करतात. तिसरं झालं तर वाईट वाटून घेऊ नका.

तुम्हाला नेमकं काय हवंय यावरही अवलंबून आहे. पुढे विकून पैसे करायचे असतील तर माझं मत ‘नको’ असं आहे. ही पिढी आता सत्तरीच्या आसपास आहे, पेट्या बाजारात येतायत, आणि माझ्या टेबलावर तरी मधल्या दर्जाच्या रेकॉर्ड्सचा भाव उतरताना दिसतो. अगदी वरच्या दुर्मिळ रेकॉर्ड्स चढतायत, पण त्यात आपण नाही. ऐकायला, नाचायला, घरात ठेवायला हवं असेल तर इतक्या लवकर दोनशे एकदम घेऊच नका. आधी आणखी चार-सहा सोल नाइट्सना जा. कुठलं गाणं लागलं की तुम्ही खुर्चीतून उठता, ते नाव लिहून ठेवा. फोनवर नाव शोधणं चालतं, डीजेला विचारलेलं त्याहून बरं. बहुतेक जण आनंदाने सांगतात. मग तेवढ्याच घ्या, वीस-तीस पौंडांच्या आतल्या. ओके, मिरवुड, रिक-टिक या लेबलांवर या किमतीत अजूनही अप्रतिम मूळ अमेरिकन प्रती मिळतात, कारण त्या त्या काळी बऱ्यापैकी खपल्या होत्या. दुर्मिळ नाहीत म्हणून कुणी त्यांचं कौतुक करत नाही. एडविन स्टारच्या रिक-टिकवरच्या रेकॉर्ड्सपासून सुरुवात करायला माझी काही हरकत नाही.

अमेरिकेतून मागवताना टपालखर्च कधी कधी रेकॉर्डपेक्षा जास्त होतो, आणि माल 135 पौंडांच्या वर गेला तर व्हॅट इथे पोचल्यावर भरावा लागतो, वर कुरिअरवाल्याची हाताळणी फी. म्हणून एकाच विक्रेत्याकडून पाच-सहा मिळून मागवा. ठेवताना उभ्या ठेवा, हीटरपासून लांब. आणि नाशिकला घेऊन जाण्याचा विचार असेल तर एप्रिल-मेमध्ये पोटमाळ्यावर मुळीच नको, दोन दुपारींत वाकतील.

मामांकडे जाताना भिंग, छोटा टॉर्च आणि वही न्या. फोटो काढायच्या आधी विचारा. प्लेअर त्यांचा असेल तर सुई केवढी जुनी आहे ते बघा, आणि झिजलेली असेल तर नवी विकत घेऊनच जा. पंधरा-वीस पौंडांत मिळते, आणि पेटी घेतली नाहीत तरी त्यांच्या उपयोगी पडेल.